'स्त्रीधर्मनीती'पासून मुक्तिसदनापर्यंत : पंडिता रमाबाईंच्या जीवनातील श्रद्धा आणि आचरण

श्रद्धा आणि सत्कर्म यांचा परस्परसंबंध कोणता, हा ख्रिस्ती धर्मविचारातील पहिल्या शतकापासूनचा वादविषय आहे. प्रेषित पौलाने रोमकरांस आणि गलतीकरांस लिहिलेल्या पत्रांत मनुष्याचे नीतिमान ठरणे नियमशास्त्राच्या पालनावर नव्हे, तर विश्वासावर अवलंबून असल्याचे प्रतिपादिले. याकोबाच्या पत्रात मात्र ज्या विश्वासाचे फळ आचरणात दिसत नाही, त्याला कोणतेही मोल दिलेले नाही. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने पहिल्या बाजूवर सारा भर दिला आणि ट्रेंटच्या धर्मपरिषदेने (१५४५-६३) त्याला कॅथलिक उत्तर दिले. तेव्हापासून हा प्रश्न पंथापंथांतील सीमारेषा होऊन बसला. एकोणिसाव्या शतकात तो मराठीत आला तो प्रामुख्याने धर्मांतरितांच्या लेखनातून. बाबा पदमनजी (१८३१-१९०६) आणि नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांच्या साहित्याचा विचार करताना त्याची दखल घ्यावीच लागते. परंतु हा प्रश्न सिद्धांताच्या पातळीवर न राहता एका व्यक्तीच्या प्रत्येक महत्त्वाच्या निर्णयात उभा राहिला, असे उदाहरण शोधू गेल्यास पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) यांच्याकडेच वळावे लागते.

रमाबाईंच्या चरित्राची मांडणी आजवर ढोबळमानाने दोन प्रकारे झाली आहे. मिशनरी परंपरेतील चरित्रकारांनी त्यांचे सारे कार्य श्रद्धेचे फलित मानले. सामाजिक सुधारणेच्या इतिहासकारांनी त्यांचे स्त्रीविषयक कार्य गौरवून धर्मांतर हा एक तर दुर्दैवी अपघात किंवा बंडखोरीचा एक मार्ग मानला. देवदत्त नारायण टिळकांचे चरित्र, अ. भि. शहा यांनी १९७७ साली प्रसिद्ध केलेला पत्रव्यवहार, उमा चक्रवर्ती आणि मीरा कोसंबी यांचे संशोधन यांमुळे हे चित्र पुष्कळ बदलले आहे. तरीही श्रद्धा आणि आचरण यांपैकी एकास कारण व दुसऱ्यास परिणाम मानण्याची सवय सुटलेली नाही. प्रस्तुत लेखात रमाबाईंचे जीवन या दोहोंतील संबंधाच्या अनुरोधाने पाहावयाचे आहे. हा संबंध त्यांच्या जीवनात एकाच दिशेने वाहिला नाही, त्याची दिशा किमान तीन वेळा पालटली आणि प्रत्येक पालटाची किंमत त्यांना व इतरांना मोजावी लागली, असे येथे दाखवावयाचे आहे.

१

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, संस्कृतचे विद्वान आणि निष्ठावंत वैष्णव होते. स्त्रियांनी संस्कृत शिकावे या मतापायी त्यांनी आप्तांचा व शास्त्रीमंडळींचा रोष पत्करला, पत्नी लक्ष्मीबाईंना शिकविले आणि अरण्यात आश्रम थाटला. रमाबाई लहान असतानाच हा आश्रम मोडला आणि कुटुंबाची भ्रमंती सुरू झाली. तीर्थक्षेत्री बसून पुराणे वाचावीत, श्रोते देतील त्या दक्षिणेवर निर्वाह करावा, उरलेले दानधर्मात वेचावे, असा त्यांचा क्रम होता. आईकडून रमाबाईंना संस्कृत मिळाले आणि बालपणीच हजारो श्लोक मुखोद्गत झाले.

या आयुष्यात श्रद्धा आणि आचरण यांत फट नव्हती. धर्म म्हणजे व्रत, तीर्थ, दान, पाठ आणि जप. त्याचे फळ मिळणार याविषयी शंका नव्हती. १८७० च्या दशकात दक्षिणेत पडलेल्या दुष्काळाने ही व्यवस्था उद्ध्वस्त केली. जवळचे होते नव्हते ते विकून झाले. मोलमजुरी करण्यास जातीचा अभिमान आड येत होता. देवालयांतून अनुष्ठाने चालू राहिली आणि अन्न मिळेना. वडील, पाठोपाठ आई आणि बहीण कृष्णाबाई यांचा मृत्यू झाला. रमाबाई व भाऊ श्रीनिवास पायी भटकत उत्तरेकडे गेली. आपण शास्त्रात सांगितलेले सर्व केले, तरी देवाने काहीच केले नाही, हा अनुभव रमाबाईंनी पुढे आपल्या साक्षीत सविस्तर नोंदविला आहे. त्या नोंदीचा रोख देवाच्या अस्तित्वाविरुद्ध नाही. कर्मकांडाचे नीतीशी काहीच नाते उरलेले नाही, याकडे तो आहे. भुकेने मरणाऱ्या कुटुंबाला श्रम करण्यापासून रोखणारा धर्म त्यांना येथे प्रथम दिसला.

१८७८ साली ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. विशीतील एका मुलीचे संस्कृत पांडित्य पाहून तेथील विद्वानांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. ज्या समाजाने तिचा गौरव केला, त्याच समाजापुढे स्त्रीधर्मावर व्याख्याने देण्यासाठी तिने धर्मशास्त्रे अभ्यासली. या वाचनातून त्यांच्या हाती जे लागले ते विदारक होते. परस्परांशी अनेक बाबतींत न जुळणारे ग्रंथ स्त्रीच्या स्वाभाविक दुष्टपणाविषयी आणि पतिसेवेवाचून तिला मोक्षाचा दुसरा मार्ग नाही याविषयी एकमताने बोलतात, असे त्यांच्या ध्यानी आले. ब्राह्मो नेते केशवचंद्र सेन यांनी त्यांना वेदवाचनास प्रवृत्त केले. पण या सुमारास त्यांच्यापाशी वडिलोपार्जित श्रद्धा जवळजवळ उरली नव्हती.

१८८० साली श्रीनिवास निवर्तला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या ब्राह्मणेतर बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. १८८१ साली कन्या मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पतीचे पटकीने निधन झाले. सिल्चर येथील या अल्प संसारात बंगालीतील लूककृत शुभवर्तमान त्यांच्या हाती पडले आणि एका बॅप्टिस्ट मिशनऱ्याकडून बायबलमधील सृष्ट्युत्पत्तीची कथा त्यांनी ऐकली. पतीला ही ओढ रुचली नव्हती. त्या काळी ती ओढ जिज्ञासेपलीकडे गेलेली नव्हती.

२

१८८२ साली रमाबाई पुण्यास आल्या. न्या. रानडे, डॉ. भांडारकर आदी प्रार्थनासमाजाच्या मंडळींनी त्यांचे स्वागत केले. आर्य महिला समाजाची स्थापना झाली. हंटर आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी स्त्रीशिक्षिका आणि स्त्रीवैद्य यांची निकड मांडली. याच वर्षी 'स्त्रीधर्मनीती' हे त्यांचे पहिले मराठी पुस्तक प्रसिद्ध झाले.

मराठी गद्याच्या अभ्यासकाला हे पुस्तक दोन कारणांनी महत्त्वाचे वाटावे. एक तर त्याची भाषा. ज्या स्त्रियांसाठी ते लिहिले, त्यांतील बहुतेकींना ती संस्कृतप्रचुर शैली अवघड जावी अशीच आहे. मराठी ही रमाबाईंची वारशाने आलेली भाषा असली तरी तिच्या बोलत्या परिसरात त्या नुकत्याच येत होत्या. दुसरे कारण त्यातील विचारव्यूह. शीर्षकात धर्म आणि नीती हे शब्द एकत्र आले असले तरी पुस्तकाचा भर नीतीवर आहे. स्त्रीने स्वावलंबी व्हावे, विद्या मिळवावी, उद्योगी असावे, विवेकाने वागावे, असा उपदेश तेथे आहे. ईश्वराचे नाव येते, पण ते नैतिक व्यवस्थेचा आधार म्हणून. गृहिणीधर्माविषयीची पुस्तकातील मते पुढील काळातील रमाबाईंच्या मानाने पुष्कळच जुन्या वळणाची आहेत. कर्मकांडाची श्रद्धा गळाली आहे, नवी श्रद्धा आलेली नाही आणि आचरणाचा आग्रह मात्र कायम आहे, अशी ही अवस्था. त्या काळच्या पुष्कळ सुधारकांना हीच अवस्था पुरेशी वाटत होती. रमाबाईंना ती पुरली नाही.

त्याचे कारण त्यांच्या अनुभवात होते. बालविधवांची स्थिती त्या प्रत्यक्ष पाहत होत्या. व्याख्याने होत, ठराव होत, परंतु एका विधवेला आसरा देण्याची वेळ आली की सुधारकांची घरे बंद होत. नीतीचे ज्ञान आणि नीतीचे आचरण यांमध्ये जे अंतर पडते, ते ओलांडण्याचे बळ कोठून येते, हा प्रश्न त्यांच्या मनात या काळात रुजला असावा, असे पुढील घटनांवरून दिसते.

३

'स्त्रीधर्मनीती'च्या विक्रीतून आलेला पैसा प्रवासासाठी उपयोगी पडला आणि १८८३ साली, वैद्यकीय शिक्षण घेण्याच्या हेतूने, मनोरमा व आनंदीबाई भगत यांच्यासह रमाबाई इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील सेंट मेरी भगिनीसंघाने त्यांना आश्रय दिला. वाढत्या बहिरेपणामुळे वैद्यकाचा मार्ग लवकरच बंद झाला. धर्मांतर करणार नाही, असे त्यांनी निघताना आपल्या मंडळींना सांगितले होते. त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी त्यांनी व मनोरमेने बाप्तिस्मा घेतला. त्यापूर्वी थोडेच दिवस आनंदीबाई भगत यांनी आत्महत्या केली. परदेशातील एकाकीपणात घडलेली ही शोकांतिका रमाबाईंच्या धर्मांतराच्या हकीकतीतून वगळता येत नाही.

बाप्तिस्म्याचे कारण रमाबाईंनी स्वतः दिले आहे. भगिनीसंघाने त्यांना लंडनमधील फुलहॅम येथे काही दिवस पाठविले. तेथे समाजाने टाकून दिलेल्या, तत्कालीन भाषेत पतित म्हणविल्या जाणाऱ्या स्त्रियांसाठी एक आश्रम चालविला जात होता. अशा स्त्रियांची सेवा सभ्य घरांतील स्त्रिया मायेने करतात आणि त्या आश्रमातील काही जणी सुधारून इतरांच्या शुश्रूषेला लागल्या आहेत, हे रमाबाईंनी पाहिले. धर्मशास्त्रांत अशा स्त्रीसाठी शिक्षा सांगितली होती, दया नव्हती. ही दया ख्रिस्ती लोकांत कोठून आली, असे त्यांनी विचारले. तेव्हा एका भगिनीने योहानकृत शुभवर्तमानातील चौथा अध्याय, शोमरोनी स्त्रीची कथा, त्यांच्यापुढे ठेवला. विहिरीवर आलेल्या, पाच नवरे झालेल्या परजातीच्या स्त्रीशी ख्रिस्ताने केलेला संवाद वाचून त्यांचा निर्णय पक्का होत गेला. बौद्धिक शंकांचे निरसन करण्याचे काम फादर नेहेम्या गोरे यांच्या पत्रांनी केले. नीलकंठशास्त्री गोरे हे स्वतः चित्पावन, काशीत वाढलेले, १८४८ साली ख्रिस्ती झालेले पंडित. त्यांचा युक्तिवाद रमाबाईंना परिचित अशा शास्त्रीय पद्धतीचा होता.

येथे श्रद्धा आणि आचरण यांचा क्रम लक्षणीय आहे. रूढ ख्रिस्ती मांडणीत प्रथम विश्वास, मग त्याचे फळ म्हणून सत्कर्म. रमाबाईंनी प्रथम सत्कर्म पाहिले आणि त्याच्या उगमाचा माग काढीत त्या विश्वासापर्यंत आल्या. आचरण हे त्यांच्या लेखी श्रद्धेच्या सत्यतेचे प्रमाण होते.

जे प्रमाण त्यांनी हिंदू धर्माला लावले, तेच ख्रिस्ती संस्थेलाही लावण्यास त्या कचरल्या नाहीत. याचा पुरावा म्हणजे वाँटेज आणि चेल्टनहॅम येथील १८८३ ते १८८६ या काळातील पत्रव्यवहार. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या शिकत होत्या व संस्कृत शिकवीत होत्या. तेथील प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी त्यांचा मोकळा विचारविनिमय चाले. वाँटेजच्या भगिनी जेराल्डिन यांच्याशी मात्र वारंवार खटके उडत. त्रैक्याचा सिद्धांत, कुमारीपासून जन्म, चमत्कार यांविषयी रमाबाईंनी शंका उपस्थित केल्या. आपण बाप्तिस्मा घेतला तो ख्रिस्ताच्या शिकवणीसाठी, चर्चच्या प्रत्येक मतासाठी नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. पुरुष विद्यार्थ्यांना त्यांनी शिकवू नये, असे हिंदुस्थानातील बिशपांचे मत पडले तेव्हा त्यांनी त्याचा स्पष्ट प्रतिवाद केला. क्रूसावर लॅटिन अक्षरे का असावीत, आपल्या देशातील स्त्रियांना कळेल अशी संस्कृत अक्षरे का नसावीत, असे विचारले. शाकाहार त्यांनी सोडला नाही. ब्राह्मण पुरोहितांच्या जोखडातून सुटून दुसऱ्या पुरोहितवर्गाचे जोखड आपण घेणार नाही, हे त्यांनी निःसंदिग्धपणे कळविले. मनोरमेला कोणत्या पंथाचे शिक्षण द्यावे यावरूनही संघर्ष झाला.

भगिनी जेराल्डिन यांना हा अहंकार वाटला. श्रद्धेत आज्ञापालन अंतर्भूत असते, असे अँग्लिकन उच्चपंथाचे मत होते आणि त्या आपल्या धारणेशी प्रामाणिक होत्या. रमाबाईंच्या मते विवेकबुद्धी ही ईश्वराचीच देणगी असल्याने तिला बाजूला सारून केलेले आज्ञापालन नैतिक ठरत नाही. साम्राज्याच्या मायदेशात, परक्या अन्नावर राहणाऱ्या एका पंचविशीतील विधवेने हा वाद समपातळीवर चालविला, ही घटना मराठी विचारविश्वाच्या इतिहासात असाधारण आहे. महाराष्ट्रात मात्र त्यांच्या धर्मांतराने गदारोळ उठला होता. 'सत्सार' (१८८५) मधून त्यांची बाजू घेणारे जोतीराव फुले हे त्यातले ठळक अपवाद.

४

१८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या वैद्यकीय पदवीदान समारंभासाठी रमाबाई फिलाडेल्फियास गेल्या आणि जवळजवळ तीन वर्षे अमेरिकेत राहिल्या. १८८७ साली उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन होऊन विधवागृहासाठी दहा वर्षे साहाय्य करण्याचे ठरले. या प्रवासाचे फलित म्हणजे 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' (१८८९). तेथील स्त्रियांच्या संघटना, मद्यपाननिषेधाची चळवळ आणि लोकोपयोगी संस्था यांचे त्यात कौतुक आहे. परंतु ख्रिस्ती म्हणविणाऱ्या राष्ट्राने मूळ रहिवाशांशी आणि गुलामांशी केलेला व्यवहारही त्यात झाकलेला नाही. आचरणावरून श्रद्धा पारखण्याची कसोटी येथे एका राष्ट्राला लावली आहे. 'स्त्रीधर्मनीती'च्या मानाने भाषाही मोकळी, वर्णनक्षम आणि प्रसंगी उपरोधिक झाली आहे.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले व १८९० साली ते पुण्यास हलविले गेले. संस्थेचे तत्त्व धार्मिक तटस्थतेचे होते. उच्चवर्णीय विधवांना आपापले आचार पाळण्याची मुभा होती, धर्मशिक्षण दिले जाणार नव्हते, सल्लागार मंडळात रानडे व भांडारकर होते. संस्थेतील पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई पुढे १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाहबद्ध होऊन आनंदीबाई कर्वे झाल्या. कर्वे यांनी १८९६ साली विधवांसाठी स्वतंत्र आश्रम काढला. शारदा सदनातील सत्कर्माचे बीज अशा रीतीने दुसऱ्या श्रद्धेच्या जमिनीतही उगवले. सत्कर्माला ख्रिस्ती विश्वासच आधार हवा, असे म्हणणाऱ्यांनी आणि रमाबाईंच्या कार्यातून ख्रिस्ती विश्वास वजा करू पाहणाऱ्यांनीही या घटनेचा विचार करावयास हवा.

तटस्थतेचे हे तत्त्व फार काळ टिकले नाही. रमाबाई आपली प्रार्थना आपल्या खोलीत करीत, पण दार उघडे असे. काही मुली येऊन बसू लागल्या. काहींच्या मनात ख्रिस्ती धर्माविषयी ओढ निर्माण झाली. 'केसरी'ने कडाडून टीका केली. १८९३ साली सल्लागार मंडळाने संबंध तोडला आणि पंचवीसच्या आसपास मुली पालकांनी काढून नेल्या.

या वादात दोन्ही बाजूंपाशी नैतिक युक्तिवाद होता. पालकांनी मुली पाठविल्या त्या एका वचनावर विसंबून. ते वचन अक्षरशः मोडले नसले तरी त्याच्या आशयाला धक्का लागला, ही तक्रार निराधार म्हणता येत नाही. शिक्षिकेचा प्रभाव आश्रित मुलींवर किती खोल जातो, हे रमाबाईंना ठाऊक असणारच. दुसऱ्या बाजूने, त्यांनी कुणावर सक्ती केली नव्हती आणि स्वतःच्या घरात स्वतःची प्रार्थना दार लावूनच करावी, ही अट त्यांच्या विवेकाला मान्य होणारी नव्हती. जी विवेकबुद्धी त्यांनी भगिनी जेराल्डिनपुढे राखली, तीच त्यांनी पुण्याच्या सुधारकांपुढे राखली. फरक इतकाच की वाँटेजमध्ये त्या आश्रित होत्या आणि पुण्यात आश्रयदात्या होत्या. आश्रित असताना जे स्वातंत्र्य ठरते, ते आश्रयदात्याच्या हाती गेल्यावर सत्तेचे रूप घेऊ शकते. ही अडचण रमाबाईंच्या पुढील साऱ्या कार्यात राहिली.

५

बाह्य संघर्षाच्या या काळातच त्यांच्या अंतर्जीवनात मोठा पालट घडला होता. १८९१ च्या सुमारास विल्यम हॅस्लम या इंग्लिश धर्मोपदेशकाचे आत्मकथन त्यांनी वाचले. कॉर्नवॉल येथील हा पाद्री चर्चचे सारे विधी वर्षानुवर्षे पार पाडीत होता आणि १८५१ साली स्वतःच प्रवचन देत असताना त्याला आपल्या श्रद्धेचा साक्षात्कार झाला. रमाबाईंना या कथेत स्वतःचे प्रतिबिंब दिसले. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळाला नाही, हा त्यांच्या आत्मपरीक्षणाचा निष्कर्ष होता. सत्कर्मे कितीही केली तरी मनाला लाभत नसलेली शांती केवळ कृपेने मिळते, हा अनुभव त्यांनी या सुमारास घेतल्याचे नोंदविले आहे.

आता क्रम उलटला. वाँटेजच्या काळात आचरण हे श्रद्धेचे प्रमाण होते. १८९१ नंतर श्रद्धा हे आचरणाचे उगमस्थान झाले. पौल आणि याकोब यांच्यातील जुना वाद एकाच व्यक्तीच्या आयुष्यात दोन टप्प्यांनी घडलेला दिसतो. बालपणीच्या कर्मकांडाविषयी त्यांना जी निराशा आली होती, तिचा या पालटाशी आंतरिक संबंध आहे. व्रते आणि दाने करून देव वश होत नाही, हे त्या दुष्काळात शिकल्या होत्या. शाळा आणि आश्रम काढूनही आत्मा तृप्त होत नाही, हे त्यांना आता उमगले. पुण्यसंचयाच्या कल्पनेचा त्यांनी दुसऱ्यांदा त्याग केला, या वेळी तिच्या ख्रिस्ती रूपाचा.

कृपेवर सर्वस्वी विसंबणारी व्यक्ती कर्माविषयी उदासीन होते, असा आक्षेप ल्यूथरच्या काळापासून घेतला जातो. रमाबाईंच्या बाबतीत उलट घडले. ब्रिस्टल येथे हजारो अनाथांचा सांभाळ करणारे जॉर्ज म्यूलर यांच्यासारख्यांची चरित्रे त्यांनी वाचली होती. पैशासाठी माणसांपुढे हात न पसरता प्रार्थनेच्या बळावर कार्य करावे, ही त्यांची पद्धत रमाबाईंना आकर्षक वाटली. १८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या स्वतः तिकडे गेल्या. बालपणीचा दुष्काळ त्यांच्या देहाने भोगला होता. रस्त्यांवर आणि मदतछावण्यांतून उपासमार झालेल्या, फसविल्या जाणाऱ्या मुली त्यांनी गोळा केल्या. सुमारे तीनशे मुली व स्त्रिया त्यांनी आणल्या आणि त्यांची सोय पुण्याजवळील केडगाव येथे घेतलेल्या शेतजमिनीवर केली. १८९८ साली तेथे मुक्तिसदन उभे राहिले. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. शारदा सदन उच्चवर्णीय विधवांसाठी होते. मुक्तीत सर्व जातींच्या स्त्रिया आल्या. टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन निघाले, आंधळ्यांसाठी बार्तीमी सदन निघाले आणि तेथे ब्रेल लिपी शिकविली जाऊ लागली. विणकाम, शेती, दुग्धव्यवसाय, तेलघाणा, छापखाना ही कामे स्त्रिया करू लागल्या. फुलहॅममध्ये पाहिलेले चित्र केडगावच्या माळावर साकार झाले.

१८९७ च्या पुण्यातील प्लेगच्या प्रसंगाचा उल्लेख येथे आवश्यक आहे. तपासणी व विलगीकरणाच्या व्यवस्थेत स्त्रियांची होणारी विटंबना आणि इस्पितळातील हेळसांड यांविरुद्ध रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन' या पत्रातून लिहिले. सरकारने आरोप फेटाळले, पण विषय ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेला. राज्यकर्ते आपल्याच धर्माचे आहेत म्हणून त्यांना सवलत देणे रमाबाईंना मान्य नव्हते. चार वर्षांपूर्वी ज्या पत्रांनी त्यांच्यावर झोड उठविली, त्यांच्याच बाजूला या प्रश्नात त्या उभ्या होत्या.

६

मुक्तिसदनाविषयी एक प्रश्न टाळता येत नाही. दुष्काळात प्राण वाचलेल्या मुलीने ज्या हातांनी अन्न दिले त्यांचा धर्म स्वीकारला, तर तो स्वीकार स्वतंत्र मानावा काय? शारदा सदनाची तटस्थता येथे नव्हती. प्रार्थना आणि बायबलचे शिक्षण हा दिनक्रमाचा भाग होता आणि अनेकींनी बाप्तिस्मा घेतला. वाँटेजमध्ये स्वतःच्या विवेकासाठी झगडणाऱ्या रमाबाईंना हा प्रश्न अपरिचित नसावा. त्यांच्या बाजूने एवढे म्हणता येते की या मुलींना परत घेणारे घर बहुधा नव्हते, आणि श्रद्धा हाच आपल्या कार्याचा उगम आहे असे मानणाऱ्या व्यक्तीला त्या उगमाविषयी मौन पाळून केवळ अन्न देणे अपुरे, किंबहुना अप्रामाणिक वाटणे स्वाभाविक होते. तथापि कृतज्ञता आणि श्रद्धा यांतील सीमारेषा भुकेल्या माणसाला आखता येत नाही. ती आखण्याची जबाबदारी अन्न देणाऱ्यावर येते. मुक्तीच्या इतिहासात ही जबाबदारी पूर्णपणे पार पडली असे म्हणणे कठीण आहे, आणि ज्यांनी त्या मुलींसाठी काहीच केले नाही, त्यांना याबद्दल दोष देण्याचा अधिकारही मर्यादितच आहे.

१९०५ साली मुक्तीत सामुदायिक पुनरुज्जीवनाची लाट आली. मुली रडत, मोठ्याने प्रार्थना करीत, आपल्या अपराधांची कबुली देत. जागतिक पेंटेकॉस्टल चळवळीचे इतिहासकार १९०६ च्या लॉस एंजेलिस येथील घटनांच्या आधीची घटना म्हणून तिची नोंद घेतात. आपल्याकडील सुधारणावादी अभ्यासकांना हा भाग अवघड वाटतो, आणि म्हणून तो सहसा ओलांडला जातो. वस्तुतः ज्यांना आयुष्यात कोणी बोलू दिले नव्हते, अशा मुलींना येथे प्रथमच आपल्या अंतरंगाची वाणी मिळाली, असाही त्याचा अर्थ लावता येईल.

रमाबाईंच्या आयुष्याचा उत्तरार्ध बायबलच्या मराठी भाषांतरात गेला. उपलब्ध भाषांतरांची भाषा सामान्य स्त्रीला कळत नाही, शिवाय त्यांतील संस्कृत धार्मिक संज्ञांबरोबर जुन्या धर्माच्या कल्पनाही येतात, असे त्यांचे मत होते. म्हणून त्यांनी हिब्रू व ग्रीक या भाषा शिकून मुळावरून भाषांतर आरंभिले. जवळजवळ दीड तप हे काम चालले. जुळणी व छपाई मुक्तीच्या छापखान्यात स्त्रियांनीच केली. शब्दशः निष्ठेमुळे या भाषांतराचे गद्य काही ठिकाणी अडखळते, आणि ते मंडळ्यांत रूढ झाले नाही. तरी भाषेच्या इतिहासात त्याचे स्थान वेगळे आहे. 'स्त्रीधर्मनीती'तील संस्कृतप्रचुर मराठी लिहिणाऱ्या पंडितेने चाळीस वर्षांनंतर संस्कृतचा भार हेतुतः उतरवून ठेवला. हा निर्णय वाङ्मयीन होता तितकाच नैतिक होता. जे पवित्र, ते दुर्बोध असले पाहिजे, ही समजूत पुरोहितवर्गाच्या सत्तेचा आधार असते, हे त्यांनी दोन धर्मांत पाहिले होते.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमेचे निधन झाले. कार्याची वारस म्हणून घडविलेली मुलगी गेली. त्यानंतर अवघ्या काही महिन्यांनी, भाषांतराचे काम पूर्णत्वास नेऊन, ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला. संपूर्ण बायबल १९२४ साली बाहेर पडले. केडगावची संस्था आजही कार्यरत आहे.

रमाबाईंच्या जीवनाचा हा आलेख पाहता श्रद्धा आधी की आचरण आधी, या प्रश्नाचे एकच उत्तर त्यातून निघत नाही. दुष्काळात त्यांनी आचारबद्ध श्रद्धा गमावली. पुण्यात श्रद्धेविना नीती उभारण्याचा प्रयत्न केला. फुलहॅममध्ये आचरणावरून श्रद्धा ओळखली. पुढे श्रद्धेतून आचरणाचे अपार बळ मिळविले, आणि त्याच श्रद्धेने इतरांच्या स्वातंत्र्याविषयी नवे प्रश्न निर्माण केले. या प्रत्येक टप्प्यावर त्यांनी एक गोष्ट मात्र सोडली नाही. समाजाने टाकलेल्या स्त्रीचे काय होते, हे विचारूनच त्यांनी धर्माची, राष्ट्राची, सरकारची आणि चर्चची परीक्षा केली. मराठी साहित्याच्या अभ्यासात त्यांचे स्थान प्रवासवर्णनकार किंवा भाषांतरकार एवढ्यापुरते मर्यादित राहिले आहे. 'स्त्रीधर्मनीती', अमेरिकेचे प्रवासवृत्त, आत्मसाक्ष आणि बायबल हे चार ग्रंथ एका सलग नैतिक शोधाचे टप्पे म्हणून एकत्र वाचले गेले, तर एकोणिसाव्या शतकातील मराठी वैचारिक गद्याच्या इतिहासाला आज जे स्वरूप आहे, त्यात काही महत्त्वाचे बदल करावे लागतील.